उत्तर नाही, तर हलवायचं नाही

लिफ्ट दुरुस्त करणारे नेहमी जोडीने जातात. निदान पूर्वी जायचे. एक केबिनच्या टपावर चढतो आणि दुसरा तळाच्या खड्ड्यात उतरतो. ज्या दोघांची ही गोष्ट आहे त्यातला एक सहा फुटाला बोटभर कमी होता आणि दुसरा पाच फूट दोन इंच. कंपनीत कोणी फार डोकं न चालवता त्यांना वरचा आणि खालचा अशी नावं देऊन टाकली, आणि ती इतकी घट्ट बसली की खालच्याच्या लग्नात त्याच्या सासऱ्यांनीसुद्धा "खालचे कुठे दिसत नाहीत?" असं विचारलं होतं. नवरा मुलगा त्यांच्या समोरच उभा होता.

खालचा बुटका, जाडसर, शांत दिसणारा माणूस. शांत दिसणारा म्हणतो आहे, शांत नव्हे. त्याचा राग नाकावर कधीच नसायचा, तो खोल कुठेतरी असायचा आणि वर्षानुवर्षं टिकायचा. बायको म्हणायची, "ह्यांना राग येतो तेव्हा कळत नाही, जातो तेव्हाही कळत नाही, कारण जातच नाही."

बावीस वर्षं हे दोघं एकाच दोराच्या दोन टोकांना होते. टपावरचा माणूस केबिन हलवतो. खाली कोणाचा हात, पाय, डोकं मध्ये नाही ना, हे खालच्यानेच सांगायचं असतं. पण प्रत्येक मजल्यावर एक दार, आणि प्रत्येक दाराशी घाईतलं कोणीतरी उभं असतं. "झालं का हो? घ्या की वर! सोडा आता!" असं दहा तोंडांनी चाललेलं असतं. त्यात "हलव" हा शब्द नेमका कोणी उच्चारला हे काय डोंबल कळणार? म्हणून प्रत्येक जोडीचा एक शब्द असतो, जो त्या इमारतीत दुसरं कोणी ओरडणार नाही असा. एका जोडीतला वरचा "मुकादम!" ओरडायचा आणि खालून "मेला!" असं उत्तर आलं की केबिन हलायची. मुकादमाने हे एकदा ऐकलं, तेव्हा बरंच रामायण झालं.

आपल्या दोघांचा शब्द पहिली दोन वर्षं "तंबाखू" होता. मग खालच्याला मुलगी झाली. सतत हातपाय हलवणारी, म्हणून तिला घरात भिंगरी म्हणायचे. त्याच आठवड्यात वरच्याने शब्द बदलला. टपावरून हाक यायची, "भिंगरी!" खाली सगळं ठीक असेल तर खालचा ओरडायचा, "भिंगरी!" आणि केबिन हलायची. उत्तर आलं नाही तर हलवायचं नाही, मग दारातली माणसं कितीही ओरडोत. एकदा खड्ड्यात खालच्याला घेरी आली आणि तो पाऊण तास तसाच पडून होता. वर हा पठ्ठ्या पाऊण तास टपावर बसून राहिला, शिव्या खात. बोट हलवलं नाही त्याने. म्हणून खालचा जिवंत राहिला.

असं असताना त्यांचं फाटलं कसं, तर एका फोटोमुळे.

त्या काळी साऱ्यांचं बस्तान इंटरनेटवरच्या एका मोठ्या साइटवर होतं. तिथे लिफ्टवाल्यांचा एक ग्रुप होता, चाळीस हजार माणसांचा. त्यात लिफ्टवाले किती, वकील किती, कंपन्यांचे हेर किती आणि नुसते रिकामटेकडे किती, हे देवालाच ठाऊक. वरच्याला फोटो काढायची हौस. एका ऑफिसच्या इमारतीत ब्रेकचं अस्तर पार झिजून पत्र्याला पत्रा लागलेला त्याने पाहिला. त्याचा जीव कळवळला. त्याने फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला, "बघा, काय अवस्थेत चालवतात." हेतू चांगलाच होता. पण ब्रेकच्या मागे भिंतीवर तपासणीचं कार्ड लटकत होतं आणि कार्डावर सही होती खालच्याची. "तपासलं, ठीक आहे."

आता ही सही कशी होती, हे कंपनीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मुकादम महिन्याच्या सुरुवातीला कार्डांचा गठ्ठा पुढ्यात टाकायचा आणि सगळ्यांच्या सह्या आधीच घ्यायचा. वरच्यानेही तसल्याच शंभर सह्या केलेल्या होत्या. त्याला फोटोत कार्ड दिसलंच नाही. चाळीस हजार जणांना मात्र दिसलं.

दुपारपर्यंत खालचा खुनी झाला. संध्याकाळपर्यंत त्याचा फोन नंबर फिरत होता. दुसऱ्या दिवशी कोणीतरी त्याच्या पानावरून भिंगरीचा फोटो उचलला. ती तेव्हा बालवाडीत शिकवत होती, नुकतीच लागली होती. तिच्या फोटोखाली लोकांनी जे लिहिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. "हिच्या हाती आपली मुलं द्यायची का?" हे त्यातलं सगळ्यात सभ्य वाक्य. बालवाडीच्या बाईंनी तिला थोडे दिवस घरी बसायला सांगितलं. ते थोडे दिवस दीड वर्ष चालले. ती खोलीचा पडदा लावून बसायची आणि फोन वाजला की दचकायची. जिच्या नावाने वीस वर्षं लिफ्ट हलत होती, ती मुलगी खुर्चीवरून हलेना.

कंपनीने सही दाखवून खालच्याला काढलं. वरच्याने फोटो सहा तासांत काढून टाकला होता, पण तोवर त्याच्या किती प्रती निघाल्या होत्या कोण मोजणार. तो तीन रविवार ओळीने खालच्याच्या घरी आला. जिन्यात बसून राहिला. आतून भिंगरीच म्हणाली, "बाबा, काका आलेत, उघडा ना." खालच्याने दार उघडलं नाही. चौथ्या रविवारी वरचा आला नाही, आणि खालच्याने तेही त्याच्या नावावर मांडून ठेवलं.

त्यानंतर खालच्याने मोठ्या साइटवरचं आपलं पान कायमचं बंद केलं. त्याला काम मिळालं ते एका मोठ्या धुलाई कारखान्यात. हॉटेलांच्या चादरी आणि टॉवेल तिथे डोंगरासारखे येतात, वाफेने चष्मा पांढरा होतो, आणि दोन माललिफ्टा दिवसभर ओल्या कपड्यांच्या गाड्या वरखाली करतात. त्या लिफ्टांची देखभाल एवढंच काम. बोलायला कोणी नाही, आणि ते त्याला बरंच वाटायचं.

तिथे असतानाच त्याला 'ओटा' सापडला.

ओटा पॅनेलवाल्या बाईंचा. या बाई लिफ्टची कंट्रोल पॅनेलं दुरुस्त करायच्या, साठी उलटलेल्या, बोलायला फटकळ. मोठ्या ग्रुपवर एकदा त्यांनी एका कंपनीचं बटण जळतं असं लिहिलं, तर वर्षभर त्यांना त्याच कंपनीच्या जाहिराती दिसत राहिल्या आणि त्यांचं लिहिणं कोणालाच दिसेनासं झालं. बाईंनी मग जुना कॉम्प्युटर झाडून घेतला, स्वयंपाकघरातल्या ओट्याखाली ठेवला आणि त्यावर आपला फोरम चालू केला. म्हणून त्याचं नाव ओटा. सगळे मिळून दोनशे बारा सभासद. नाच नाही, जाहिरात नाही, अंगठे नाहीत. बाईंच्या घरची वीज गेली की दोनशे बारा जण अंधारात.

खालच्याने तिथे भीत भीत एक प्रश्न विचारला, तेलाच्या गळतीबद्दल. दोन दिवस कोणी काही बोललं नाही. तिसऱ्या दिवशी एकच उत्तर आलं, चार ओळींचं, आणि ते अगदी बरोबर होतं. त्या संध्याकाळी तो घरी येऊन बायकोला म्हणाला, "माणसं आहेत तिथे." दोन वर्षांत तो कोणाबद्दल चांगलं बोलला तो हा पहिला प्रसंग.

ओट्यावरचे सगळे बाजारात पोळून आलेले. मोठ्या साइटला ते बाजारच म्हणायचे. त्यामुळे ओट्याचे नियम म्हणजे एकेकाच्या जखमा होत्या. फोटोत भिंत दिसता कामा नये. कोणाचं खरं नाव लिहायचं नाही. आणि दारावर पाळी. प्रत्येक आठवड्याला एक सभासद दारावर बसणार. नवीन येणाऱ्याने एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं, "केबिन हलवण्याआधी तुमची जोडी एकमेकांना काय ओरडते?" कंपनीचा हेर असेल तर तो लिहायचा, "सुरक्षेची खात्री करतो." त्याला परत पाठवायचं. खरा लिफ्टवाला काहीतरी वेडंविद्रं लिहायचा, त्याला आत घ्यायचं. अर्ज दारावरच्या माणसालाच दिसायचा. परत पाठवला तर तो पुसलाच जायचा, म्हणजे कोणाची चारचौघांत शोभा नको. आत घेतला तर मात्र अर्ज जसाच्या तसा पहिल्या पानावर लागायचा, कधी आला, दारावर कोण होतं, हे सगळं धरून. कोणी कोणाला आत घेतलं हे घरच्यांना कळलं पाहिजे, असं बाईंचं म्हणणं.

थांबलेल्या माणसाला पडद्यावर एक ओळ दिसायची, "दारावर माणूस आहे. थांबा." ही ओळ खालच्याने सुचवली होती. बाजारात दारावर कधी माणूसच नसतो, असं तो म्हणाला होता आणि बाईंनी त्याची पाठ थोपटली होती. त्याला त्या ओळीचा फार अभिमान.

त्या आठवड्यात पाळी खालच्याची होती. सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, कारखान्यातल्या जिन्याखाली बसून तो चहा पीत होता तेव्हा अर्ज आला.

टोपणनाव, वरचा. तुमची जोडी काय ओरडते, भिंगरी. ओट्यावर का यायचं आहे, याखाली लिहिलं होतं:

"दारावर कोण आहे माहीत नाही. आत खालचा असेल तर त्याला एवढं विचारा. चौदा मजली इमारत, जुनं मशीन. ब्रेक लागलेला असताना रिकामी केबिन हळूहळू वर सरकते. कंपनी म्हणते ब्रेक बदल. ब्रेक नवाच आहे, मी पाहिला. असलंच आम्ही छापखान्यात पाहिलं होतं. तेव्हा मशीन त्याने उघडलं होतं, मी टपावर होतो, आत काय निघालं ते मला आठवत नाही. गुरुवारी परत जायचं आहे. हल्ली जोडी देत नाहीत, एकट्यालाच पाठवतात. दोन ओळी पुरेत."

खालच्याचे कान तापले. भिंगरी. त्या माणसाने हा शब्द लिहिला. ज्याच्या हौसेपायी ती पोर दीड वर्ष अंधारात बसली, तो तिचं नाव दारात फेकून आत येऊ पाहतो! चहा तसाच राहिला.

छापखान्यात काय निघालं ते त्याला लख्ख आठवत होतं. गिअरबॉक्सच्या तेलात त्याने हात घातला होता आणि हात बाहेर आला तो सोन्याचा चुरा लागल्यासारखा पिवळा होऊन. गिअरचे पितळी दात झिजून तेलात उतरले होते. दात गेले की ब्रेक कितीही नवा असला तरी तो धरणार कशाला? लोकांना वाटतं लिफ्ट तुटली की खाली पडते. रिकामी केबिन खाली पडत नाही. दुसऱ्या टोकाला लोखंडी वजनं असतात, ती तिच्याहून जड, म्हणून ती वर जाते, सुसाट. आणि टपावर जो उभा असेल तो छताला चिरडला जातो.

दोन ओळी खरंच पुरत होत्या. "तेल बघ. पिवळं असेल तर केबिन साखळीने बांधल्याशिवाय टपावर चढू नकोस."

त्या त्याने लिहिल्यासुद्धा, मंगळवारी. लिहून ठेवल्या आणि पाठवल्या नाहीत. कारण खरं सांगायचं तर त्याला बरं वाटत होतं. तीन वर्षांत पहिल्यांदा वरचा खाली होता आणि खालचा वर. दारात उभा आहे, थांबू दे. जिन्यात तीन रविवार बसला, चौथ्यांदा आला नाही, आता बसू दे आठवडाभर. मंगळवारी त्याने अर्ज चारदा उघडला. बुधवारी सहादा. रविवारी दुपारी पाळी संपताना आत घ्यायचं, असं त्याने ठरवलं होतं. मनात कुठेतरी समेटाची वाक्यंही जुळवत होता, हे त्याने पुढे स्वतःशी कबूल केलं.

आणि गुरुवार? गुरुवार त्याला दिसला नव्हता असं नाही. पण त्याचा हिशेब असा होता की वरचा जाणार नाही. हाक मारली आहे आणि उत्तर आलेलं नाही. उत्तर नाही, तर हलवायचं नाही. बावीस वर्षांत हा माणूस एकदाही उत्तराशिवाय हलला नव्हता, पाऊण तास शिव्या खात बसला होता. तेव्हा आपण गप्प राहिलो म्हणजे त्याला थांबवूनच धरलं आहे, असं खालच्याने स्वतःला पटवलं. त्याला ते खरंच पटलं होतं. पलीकडे कोण गप्प आहे, हेच वरच्याला माहीत नव्हतं, एवढी साधी गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही.

गुरुवारी दुपारी माललिफ्टच्या दारात अडकलेला टॉवेल सोडवून तो जेवायला बसला. डबा उघडायच्या आधी त्याने फोन उघडला. ओट्याच्या पहिल्या पानावर 'फ्यूज' नावाच्या सभासदाने लिहिलं होतं:

"आत्ता कळलं. चौदा मजली इमारत. मेकॅनिक टपावर एकटाच होता. केबिन वर गेली. जागच्या जागी संपला."

खालच्याने डबा उघडलाच नाही. एक गाडीवाली बाई ओल्या चादरी घेऊन आली आणि म्हणाली, "अहो, लिफ्ट सोडा ना." तो उठला आणि त्याने लिफ्ट सोडली. चादरी वर गेल्या.

संध्याकाळपर्यंत ओट्यावर सगळे जमले. कोणी विचारलं, ब्रेक नवा असताना केबिन गेली कशी? एका म्हाताऱ्या सभासदाने लिहिलं, "गिअरच्या तेलात पितळ उतरलं असणार. कोणीतरी सांगायला हवं होतं. दोन ओळींचं काम." फ्यूजने बाजारात जाऊन शोधलं, तर या माणसाने बुधवारी मोठ्या ग्रुपवर हाच प्रश्न विचारलेला सापडला. तिथे आठशे लोक हसून गेले होते. एकाने लिहिलं होतं, "केबिनला स्वर्गाची ओढ लागली आहे." त्याखाली नवीन लिफ्टची जाहिरात होती.

मग ओट्यावर नुसता संताप उसळला. बाजाराला शिव्या, कंपनीला शिव्या. पॅनेलवाल्या बाईंनी विचारलं, "आपल्यात होता का तो?" यादी पाहिली, नव्हता. बाईंनी लिहिलं, "इकडे आला असता तर वाचला असता रे." त्याखाली एकामागून एक सगळ्यांनी हो हो लिहिलं. खालच्याने काहीच लिहिलं नाही. तो मितभाषी म्हणून सगळ्यांना माहीत होता, कोणाला नवल वाटलं नाही.

शुक्रवारी भिंगरी कामावरून आली ती रडतच. आता ती एका चष्म्याच्या दुकानात काम करत होती, हळूहळू माणसांत आली होती. पर्स तशीच खांद्याला ठेवून ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"बाबा, वरचे काका गेले."

"कळलं मला."

"मागच्या महिन्यात दुकानात आले होते. जवळचा चष्मा करायला. मला ओळखलं आणि नुसते उभेच राहिले. मग म्हणाले, भिंगरे, मला माफ कर. मी म्हटलं, काका, मी केव्हाच केलं." ती खाली बसली. "मीच त्यांना तुमच्या त्या ओट्याचा पत्ता दिला. म्हटलं बाबा दार उघडत नाहीत ना, तर इकडून जाऊन बघा. बाबा, त्यांनी अर्ज केला होता का हो?"

"नाही," खालचा म्हणाला.

"नक्की? तुमचीच पाळी आहे ना?"

"माझ्या पाळीत तरी नाही आला."

बायकोने गॅसपाशी उभं राहून एकदा त्याच्याकडे पाहिलं. तिला काय कळलं कोणास ठाऊक. शनिवारी त्या दोघी वरच्याच्या घरी जाऊन आल्या. खालचा गेला नाही. डोकं दुखतंय म्हणाला, आणि ते खोटंही नव्हतं.

रविवारी दुपारी बाराला पाळी बदलायची. बारानंतर दार दुसऱ्याच्या हाती, आणि थांबलेला अर्ज त्याला दिसणार. खालचा सकाळपासून फोन घेऊन खिडकीपाशी बसला होता. अर्जाखाली दोन बटणं होती, 'आत घ्या' आणि 'परत पाठवा'. परत पाठवा दाबलं की अर्ज पुसला जाणार, तारखेसकट, वेळेसकट. जगात कोणालाही कधीही कळणार नाही. ओटा राहील, तिथली माणसं राहतील, भिंगरी बाबा म्हणून जवळ बसेल. नियमच तसा होता, कोणाची शोभा होऊ नये म्हणून केलेला. आत घ्या दाबलं तर पहिल्या पानावर लागेल, सोमवार, नऊ वाजून दहा मिनिटं, दारावर खालचा.

त्याने परत पाठवायचं ठरवलं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. माणूस गेला तो गेला, आता अर्ज लावून तो थोडाच परत येणार, असं तो स्वतःला सांगत होता. अंगठा बटणावर नेला, आणि पुसण्याआधी एकदा वाचावं म्हणून त्याने अर्ज वाचला. सोमवारपासून त्याने तो वीस वेळा तरी वाचला असेल, पण रागाने वाचला होता. आता राग शोधूनही सापडेना. इतकी वर्षं जपलेली ती चीज त्याला नेमकी आज हवी होती आणि ती जागेवर नव्हती. राहिली होती ती नुसती हाक. वरून मारलेली, खाली कोणीतरी आहे या भरवशावर.

बाराला पाच मिनिटं कमी होती तेव्हा त्याने 'आत घ्या' दाबलं.

पान बदललं. "नवीन सभासद आले आहेत." खाली पूर्ण अर्ज, तारीख, वेळ, त्याचं नाव. कोणीच काही लिहिलं नाही. एरवी नवीन माणूस आला की दोन मिनिटांत 'या या' सुरू व्हायचं. बऱ्याच वेळाने पॅनेलवाल्या बाईंनी लिहिलं, "खालच्या, सोमवारी?" त्याने लिहिलं, "सोमवारी."

त्याने भिंगरीला हाक मारली आणि फोन तिच्या हातात दिला. तिने उभ्याउभ्या वाचलं. एकदा वर पाहिलं, पुन्हा वाचलं. ती ओरडेल, फोन फेकेल, असं त्याला वाटत होतं. तसं झालं तर बरं, असंही वाटत होतं.

"तुम्हाला उत्तर माहीत होतं?"

"हो."

"आणि माझं नाव घेऊन विचारलं होतं त्यांनी."

"हो."

तिने फोन टेबलावर पालथा ठेवला. "चपला घाला," ती म्हणाली. "काकूंना सांगायचं आहे. मी नाही सांगणार. तुम्ही सांगायचं."

वरच्याचं घर तिसऱ्या मजल्यावर. इमारतीत लिफ्ट होती, पण दोघं जिन्याने चढले. खालच्याने पायऱ्यांवर एकदा थांबून श्वास घेतला. भिंगरी पुढे गेली नाही आणि तिने मागे वळूनही पाहिलं नाही. बेल तिने वाजवली आणि बाजूला सरकून त्याला दारासमोर उभं केलं.

"कोण आहे?" आतून वहिनींचा आवाज आला.

"मी. खालचा."

बाहेर चपलांचा ढीग होता, त्यात वरच्याचे लांबलचक बूट अजून तसेच होते, तेलाचे डाग पडलेले. मग कडी निघाली. वहिनी दारात उभ्या राहिल्या. चेहरा सुकलेला, हातात वरच्याचा फोन. त्यांना सगळं सांगायला खालच्याने तोंड उघडलं, पण त्याआधी त्यांनीच फोन त्याच्यासमोर धरला.

"भाऊजी, हे काय आहे हो? सोमवारपासून तुमच्या उत्तराची वाट बघत होते. जेवतानासुद्धा फोन समोर. खालचा कळवल्याशिवाय राहायचा नाही म्हणायचे." त्यांनी पडद्यावरच्या ओळीवर बोट ठेवलं. "आत्ता बाराला हे आलं. 'आत या,' असं लिहिलं आहे. कुठे यायचं?"